बाबलीच्या गिटारची घोडी

आरोंद्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीत सत्यवान मेस्त्रीचं घर आहे. त्याची बायको तुळसा चुलीपाशी बसून सांगायची की बाहेर पडवीत नवरा कोणतं लाकूड तासतोय. फणस असला तर रंधा घोगरा चालतो, साग असला तर कागद फाडल्यासारखा, आणि आंबा ओला राहिला असला तर रंधा मध्येच ओठ मिटतो. ओठ मिटतो, हे तिचंच बोलणं. यात काही विशेष आहे असं तिला वाटत नसे. भात शिजत आला की बुडबुड्यांचा आवाज खाली उतरतो, पलीकडच्या तीरावरून होडी सुटली की वल्ह्याच्या मारावरून वल्हवणारा कळतो, हे सगळ्यांनाच ऐकू येत असणार, अशी तिची समजूत होती.

तिचे वडील आतल्या गावात भजनाला मृदंग वाजवायचे. पावसाळ्यात चामडं सैल पडतं म्हणून मृदंग चुलीवरच्या आढ्याला टांगलेला असायचा. पुढे वडिलांचे कान मंद झाले. मग ते मृदंग मांडीवर घेऊन थाप मारायचे आणि तांदूळ निवडत बसलेल्या मुलीला विचारायचे, चढली काय गो? ती मान वर न करता म्हणायची, वायच. वायच म्हणजे थोडीशी. तेवढ्यावर ते पुढचा ठोका मारायचे.

तिचा धाकटा भाऊ बाबली वर्षाचा असताना आई गेली. तुळसा तेव्हा तेरा वर्षांची होती. ती अठरा वर्षांची झाली तोवर वडीलही गेले होते, त्यामुळे ती सासरी आली ती सहा वर्षांच्या भावाला बोटाला धरून. सत्यवानाने त्याला लग्न ठरतानाच हो म्हटलं होतं आणि नंतर कधी त्याचा उच्चार केला नाही. उपकाराचाही नाही, कौतुकाचाही नाही. पोर जेवायला बसलं की त्याच्या पानात दोघांसारखाच भात पडायचा. तुळसाला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे.

बाबली मोठा झाल्यावर सत्यवानाने त्याच्या हातात पटाशी दिली. बाबलीने वर्षभरात तीन खण केले आणि तिन्ही मिटेनात. ह्याच्या हाताक सरळ काय म्हायतच नाय, असं सत्यवान म्हणाला. त्याच्या तोंडी याहून वाईट शिवी नव्हती. सत्यवानाने स्वतः बसवलेलं दार अर्धं उघडून सोडलं तर वारा नसताना तिथेच उभं राहायचं. लोक सांगायला यायचे की मेस्त्री, दार अजून तसंच आहे. तो फक्त मान हलवायचा. सरळ गोष्ट सरळ राहिली यात बोलण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा असायचा.

एकोणिसाव्या वर्षी बाबली खाडी ओलांडून गोव्यात गेला. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आधी त्याने ताटं धुतली, मग तिथल्या बँडच्या पेट्या उचलल्या, आणि दोन वर्षांनी हातात गिटार घेतली. साधी गिटार नव्हे, चार जाड तारांची, खालच्या सुरांची. ती त्याने म्हापशातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून जुनी घेतली होती.

चौऱ्याऐंशी साली जूनच्या सुरुवातीला तो ती गिटार मेणकापडात गुंडाळून घेऊन आला. पावसात हॉटेल बंद असतं. तेवढे महिने त्याला दोडामार्गजवळ काजूच्या कारखान्यात काम मिळालं होतं आणि म्हापशाची खोली गळत होती. गिटार बहिणीकडे ठेवायची, दसऱ्याच्या आदल्या दिवशी न्यायची, असं ठरलं. जाण्यापूर्वी तो तेरा दिवस राहिला आणि रोज संध्याकाळी वाजवत बसला.

विजेशिवाय त्या गिटारचा आवाज डासाएवढा. पण बाबलीला एक युक्ती ठाऊक होती. माजघरात भाताचा फणसाचा पेटारा होता, त्या दिवसांत जवळजवळ रिकामा. गिटारचा माथा पेटाऱ्याला टेकवला की सगळा पेटारा बोलायला लागायचा. आवाज कानात शिरत नसे. तो जमिनीतून यायचा, सारवलेल्या भुईवर टेकलेल्या तळव्यांतून वर चढायचा. फळीवरची भांडी अगदी बारीक कुजबुजायची. तुळसा दारात बसून फणसाच्या आठळ्या सोलायची आणि सोलता सोलता तिचे हात थांबायचे. तिला वाटायचं, घर पाण्यावर आहे आणि कोणीतरी दोर सोडलाय.

"हॉटेलातली माणसां हेका आयकनत नाय," बाबली म्हणाला होता. "पण ह्या थांबला की तेंचे पाय थांबतत."

त्याने तिला गिटारची परीक्षाही दाखवली. दांड्यावर आडव्या पट्ट्या असतात. बाराव्या पट्टीवर तारेला नुसतं बोट लावून छेडलं की एक सूर येतो, आणि तिथेच दाबून छेडलं की दुसरा. दोन्ही एकच आले पाहिजेत. नाही आले तर दोष घोडीत, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवरून तारा पुढे जातात त्या पट्टीत. महागाच्या गिटारला प्रत्येक तारेखाली वेगळा स्क्रू असतो, पिळला की सूर जागेवर. हिची घोडी सरसाने चिकटवलेली, एकच अखंड. चिकटवली ती चिकटवली.

आणखी एक गोष्ट त्याने तिलाच सांगितली, भावोजींना नाही. गेल्या मोसमात बँडच्या म्होरक्याने त्याला दोनदा सगळ्यांसमोर झापलं होतं. मडगावचा एक मुलगा त्याच्या जागेवर यायला टपलेला होता. दसऱ्यानंतर पहिल्याच तालमीत ठरणार होतं, कोणाला ठेवायचं ते.

बाबली गेला आणि पाऊस लागला. आठ दिवसांत मेणकापडावर पांढरी बुरशी धरली. तुळसाने जे लहानपणापासून पाहिलं होतं तेच केलं. कापड सोडलं, गिटार कोरड्या फडक्याने पुसली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगली. रोज सकाळी पेज उकळायची आणि तिची वाफ वर जायची. जाऊ शेवंती शेजारच्या घरातून विस्तव न्यायला यायची, ती वर बघून म्हणायची, "बरा केलंस. बांगडे सुकवतत थंय भावाक पण सुकव."

मृदंगाला चामडं असतं आणि गिटारला सरस असतो, हे तुळसाला भाद्रपदात कळलं. गणपती गेल्यावर चार दिवसांनी तिने गिटार खाली काढली तेव्हा घोडी तारांखालून घसरून तिरपी पडली होती आणि तारा लोळत होत्या. वाफेने सरस मऊ पडून सुटला होता. ती ते लाकूड हातात घेऊन चुलीपाशी बराच वेळ बसली. मग पडवीत जाऊन नवऱ्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं.

सत्यवान रागावला नाही. ज्या गोष्टीला हात लावता येतो तिच्यावर तो कधी रागावत नसे. त्याने गिटार उजेडात धरली. घोडी जिथे होती तिथे सरसाचा जुना वण दिसत होता. तो वण तिरका होता, जाड तारेकडे मागे सरकलेला. सत्यवानाने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. गोव्याच्या कुणा सुताराने घाईत केलेलं काम, असं त्याला वाटलं. मेव्हणा वर्षानुवर्षं हे वाकडंच वाजवत होता. त्याने पटाशीने तो वण साफ खरवडला, लाकूड घासून कोरं केलं. मग माथ्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजलं, तेवढंच पुढे मोजलं, गुण्या लावून काटकोनात रेघ मारली आणि घोडी त्या रेघेवर चिकटवली. दिवसभर वजन ठेवलं. आयुष्यात त्याने मेव्हण्यासाठी एवढ्या मनापासून दुसरं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुळसाने माथा पेटाऱ्याला टेकवला आणि बाराव्या पट्टीवर नुसतं बोट लावून छेडलं. मग दाबून छेडलं. पुन्हा छेडलं.

दाबलेला सूर वर चढत होता. बारीक तारेवर किंचित, जाड तारेवर चांगलाच. पेटारा तसाच गुणगुणत होता, पण आता घर पाण्यावर वाटेना. कुठेतरी भोक पडल्यासारखं वाटत होतं.

सत्यवानाने कंपास आणून दोन्ही अंतरं पुन्हा मोजली. केसभर फरक नव्हता.

"मापान बरोबर आसा," तो म्हणाला.

"मापान आसात. कानाक नाय."

"कान काय माप जाणता?"

 तुळसाला वाद घालता येत नव्हता, कारण तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तो वण असता तर तिने तो दाखवला असता. तो आता केराच्या टोपलीत बारीक भुसा होऊन पडला होता. रेडिओवर वाजणारं आणि शेवंतीने भांड्यावर आपटलेलं सत्यवानाला जवळपास सारखंच ऐकू यायचं, हे तिला अठरा वर्षं माहीत होतं. तिने एवढंच सांगितलं की बाबली आला, त्याने एकदा छेडलं, की त्याला कळणार आणि तालमीत इतरांनाही कळणार. मडगावच्या मुलाची गोष्टही तिने तेव्हा सांगितली. सत्यवान ऐकून उठला आणि हात धुवायला गेला.

दोन आठवडे घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ, सरपण, पावती, बस. सत्यवान जेवताना मधूनच पेटाऱ्याकडे बघायचा. त्याच्या गुण्याला कोणी खोटं म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि म्हणणारी बाई चूक आहे असं त्याला मनातून वाटत नव्हतं. तिने ओल्या आंब्याला ओला म्हटलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं.

दसऱ्याला पाच दिवस उरले तेव्हा तो खाडीकाठी एका ओंडक्यावर चिरण्यासाठी सूत मारत होता. गेरूत भिजवलेली सुतळी दोन खिळ्यांमध्ये ताणायची आणि मध्ये उचलून सोडायची, की लाकडावर लाल रेघ उठते. त्या दिवशी सुतळी सोडण्याऐवजी त्याने मध्येच बोटाने खाली दाबली. पलीकडच्या खिळ्याची गाठ जराशी त्याच्याकडे ओढली गेली. त्याने बोट काढलं, गाठ मागे गेली. पुन्हा दाबलं. मग त्याने घोटीव जाड दोरी ताणून तेच केलं. दोरी दाबायला जोर जास्त लागला आणि खिळाच वाकला.

म्हणजे दाबलं की तार ताणली जाते. ताणली की सूर चढतो. गुण्याला हे ठाऊक नसतं, कारण गुण्यावर कोणी बोट दाबत नाही.

तो भर दुपारी घरी आला आणि गरम पाणी मागितलं. तुळसाला वाटलं अंघोळीला. त्याने फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि घोडीवर ठेवून बसला. तिला काही न विचारता कळलं. तिने चुलीवर ठेवलेली पेज झाकली, दार ओढून घेतलं आणि पेटाऱ्यापाशी येऊन बसली.

ती दुपार त्या दोघांनी कोणाला कधी सांगितली नाही. पाऊस थांबलेला होता. कौलातून उन्हाचे कवडसे भुईवर पडले होते आणि धूर नसताना त्यांत धुरासारखं काहीतरी तरंगत होतं. सुटलेली घोडी आता तारांच्या दाबानेच उभी होती, हलवली तर हलत होती. सत्यवानाने मूठभर तांदूळ शेजारी घेतले. दाण्याची जाडी हे त्याचं माप. तो एक दाणा घोडीच्या मागे ठेवायचा, तार सैल करायचा, घोडी दाण्याला टेकेपर्यंत मागे सारायचा, दाणा काढायचा, तार पुन्हा चढवायचा. तुळसा डोळे मिटून छेडायची, नुसतं लावून, मग दाबून.

"वायच मागे."

पुन्हा दाणा.

"वायच."

एका तारेला अर्धा तास गेला असेल. मोजलं कोणीच नाही. तुळसाला मध्येच आपण कुठे आहोत ते आठवेना. पहिला सूर पेटाऱ्यात विरायच्या आधीच दुसरा यायचा, एक थंड, एक किंचित तापलेला, आणि दोघांच्या मध्ये एक लहर थरथरत असायची. घोडी मागे सरके तशी ती लहर लांब व्हायची, भरतीचं पाणी मचव्याच्या पोटाला लागून मंद होत जातं तशी. आणि मग नाहीशी व्हायची. तेव्हा दोन सूर उरतच नसत. ती नुसता हात वर करायची. सत्यवानाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण त्याने एक हात पेटाऱ्यावर ठेवला होता आणि लहर मावळली की त्याच्या तळव्याखालचं लाकूड शांत व्हायचं. दुसऱ्या तारेच्या वेळी तुळसाने हात वर करायच्या आधीच तो थांबला. तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो दाण्यांकडे बघत होता.

सगळ्यांत जाड तारेला घोडी सर्वांत मागे हवी होती, बारीक तारेला सर्वांत पुढे. दोन टोकं जमली. दुसरी तारही जमली. तिसरी मात्र जमेना. ती जमवायला गेलं की पहिली बिघडायची. लाकूड एकच होतं आणि सरळ होतं. चौघींना त्यावर आपापल्या जागी बसवणं शक्य नव्हतं.

सत्यवान मागे टेकला. "एकीक दुखवूची लागतली," तो म्हणाला. "खंयची, तां तू सांग."

 तिसऱ्या तारेवर तुळसाने खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं, चूक फक्त वरच्या पट्ट्यांवर कानाला लागत होती, मग ती हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसली. जूनमधल्या संध्याकाळी ती एकेक करून आठवत होती, हे सत्यवानाला माहीत नव्हतं.

"तिसरी रवांदे," ती म्हणाली.

त्याने टोकदार खिळ्याने दोन्ही टोकांना खूण केली आणि सरस तापवला. घोडी चिकटली तेव्हा ती इतकी तिरकी दिसत होती की त्याने वर वजन ठेवलं आणि वजनावर पंचा टाकला. दोन दिवस तो पंचा त्याने कोणाला उचलू दिला नाही. शेवंतीने विचारलं, मेस्त्री काय उबवतत. तुळसा म्हणाली, अंडी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबली आला. काजूच्या डिंकाने त्याची बोटं काळी पडली होती. तुळसाने ठरवलं होतं की तो गिटारला हात लावायच्या आधी सांगून टाकायचं. सत्यवानाचं म्हणणं होतं, दमट हवेने सुटली म्हणावं, तेवढं पुरे. तिचा चहा होईपर्यंत बाबलीने मेणकापड सोडलंसुद्धा होतं. त्याने घोडीकडे पाहिलं, मग भावोजींकडे.

"माका वाकडी दिसली," सत्यवान म्हणाला. "मीच काडून परत बसवलंय."

तुळसा कपबशी हातात घेऊन दारात उभी होती. तिने बशी पेटाऱ्यावर ठेवली.

"नाय रे बाबली. मी चुलीर टांगलंय. पेजेच्या वाफेन सुटली. तेंनी फक्त बसवल्यानी."

 बाबलीच्या मानेवरची शीर उभी राहिली. त्याने माथा पेटाऱ्याला टेकवला आणि पहिली तार छेडली, बाराव्या पट्टीवर, नुसती, मग दाबून. दुसरी. चौथी. तिसरीपाशी तो थांबला. तिथे त्याने तीनदा छेडलं आणि मान तिरकी केली.

"ही वायच चढता."

"म्हायत आसा," तुळसा म्हणाली. "चारय एकदम बसणत नाय. तिसरेर तू वर जाणस नाय, म्हणान तीच ठेवलंय."

"तुका कोणी सांगल्यान?"

"तेरा दीस वाजवलंस. वर तुझा बोट दोनदाच गेला."

बाबलीने तारांवर तळवा ठेवला. आवाज बंद झाला. फळीवरच्या भांड्यांची कुजबुज जरा मागे राहिली आणि मग तीही थांबली. बाबली खाली बघत होता. आपलं वाजवणं कोणी ऐकत असतं, हे त्याला हॉटेलात इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ते फक्त चुकलं की कळायचं.

मग त्याने वाजवायला सुरुवात केली. सावकाश, जूनमधलंच. बशीतला चहा पेटाऱ्यावर थरथरत होता. सत्यवान पडवीत जायला उठला होता, तो चौकटीला हात लावून तिथेच उभा राहिला.

दसऱ्याला सोनं वाटून बाबली दुपारच्या होडीने पलीकडे गेला. जाताना त्याने गिटार पाठीला लावली आणि भावोजींच्या पाया पडला. एरवी तो दुरूनच, येतंय हां, एवढं म्हणून निघायचा.

त्यानंतरच्या आठवड्यात तुळसाचा कान रस्त्याकडे होता. हॉटेलातली तालीम सोमवारी, एवढंच तिला माहीत होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी बांगडे घेऊन ती दारातच निवडत बसली होती तेव्हा होडीवाला धोंडू पाणंदीने वर आला. पडवीत सत्यवानाला त्याने सांगितलं की बाबलीचा निरोप आहे, त्याला ठेवलं. मडगावच्या मुलालाही ठेवलं, पण त्याला दुसरं वाद्य दिलं. म्होरक्याने बाबलीला विचारलं होतं, घोडी कोणाकडून बसवून घेतलीस.

"मगे काय सांगल्यान?" सत्यवानाने विचारलं.

"आरोंद्यात मेस्त्री आसा, म्हणान सांगल्यान."

सत्यवानाने धोंडूला बसवून घेतलं. पान दिलं. आणि मग तो बोलायला लागला, कधी नव्हे तो. घोडी तिरकी बसवावी लागते, तो सांगत होता. तार दाबली की ताणते. जाड तार जास्त ताणते. सरळ बसवणारे पुष्कळ असतात, पण तिरकं किती ते कळायला लागतं. धोंडू मान डोलावत होता. तुळसा दारात बांगड्यांची डोकी उडवत ऐकत होती. नवऱ्याच्या बोलण्यात सुतळी आली, तांदळाचे दाणे आले, पेटारा आला. ती आली नाही. तिने एकदा विळी जरा जोरात सरकवली. सत्यवान क्षणभर थांबला, आणि पुढे बोलू लागला.

दुपारी तिने पानं मांडली. तिखल्यात सगळ्यांत मोठा बांगडा होता, त्याचा मधला तुकडा अठरा वर्षं सत्यवानाच्या पानात पडत आलेला होता. त्या दिवशी तुळसाने तो स्वतःच्या पानात वाढून घेतला. सत्यवानाने पाहिलं. त्याने शेपटाकडचा तुकडा उचलला आणि काटे काढत जेवायला लागला.